केंब्रिजचे ३१ दरवाजे

इंग्लंडात शिकायला गेलेली आपल्याकडची मुले पहिल्या काही महिन्यांत एखादा शनिवार काढून केंब्रिजला जाऊन येतात. परतताना बहुतेकांची तक्रार एकच असते: जिकडे जावे तिकडे बंद दारे, 'प्रवेश नाही'च्या पाट्या, आणि जिथे प्रवेश आहे तिथे तिकीट. तक्रार खरी आहे. पण कोणते दार कोणाचे आणि ते बंद का असते, एवढे घरून निघण्याआधी समजून घेतले, तर हेच गाव विद्यार्थ्याच्या खिशाला परवडेल अशा खर्चात दिवसभर पुरते. म्हणून आधी रचना सांगतो, मग रस्ता.

केंब्रिजमध्ये विद्यापीठ असे एका जागी नाही. ३१ कॉलेजे आहेत आणि त्यांच्यासोबत विद्यापीठाचे विभाग, प्रयोगशाळा, ग्रंथालये, संग्रहालये आहेत. हे सगळे गावात मिसळून गेलेले आहे. पदवीच्या विद्यार्थ्याची निवड कॉलेज करते. त्याची राहण्याजेवणाची सोय कॉलेज पाहते. दर आठवड्याला एक, दोन किंवा तीन विद्यार्थ्यांना समोर बसवून त्यांनी केलेले काम तपासणारी 'सुपरव्हिजन' ही शिकवणीसुद्धा कॉलेजच ठरवते. व्याख्याने, प्रयोगशाळा, परीक्षा आणि पदवी मात्र विद्यापीठाची. प्रत्येक कॉलेजची मालमत्ता वेगळी, हिशेब वेगळे, नियम वेगळे. त्यामुळे एका कॉलेजात फुकट आत सोडले म्हणून शेजारच्यात सोडतीलच असे नाही, आणि एकाचे तिकीट दुसऱ्याला चालत नाही.

जुन्या कॉलेजची बांधणी आपल्या वाड्यासारखी असते, हे लक्षात ठेवले की पुढचे सारे सोपे जाते. रस्त्याच्या बाजूला जाड भिंत, मोठा दरवाजा, त्या दरवाज्यातच माणसापुरती दिंडी, आत शिरताच देवडी आणि मग चौक. देवडीवर पहारेकऱ्याच्या जागी पोर्टर बसलेले असतात. विद्यार्थ्यांची पत्रे, किल्ल्या, निरोप हे सगळे तेच पाहतात. पाहुण्याला आत सोडायचे की नाही, हेही त्यांच्याच हाती. चौकातल्या हिरवळीवर फक्त फेलो, म्हणजे कॉलेजचे अध्यापक-सभासद चालू शकतात. विद्यार्थ्यांनाही मनाई असते, तेव्हा पाहुण्याने अपमान वाटून घेऊ नये. पोर्टरला नमस्कार-चमत्कार करून नीट विचारले, तर पाटीवर नसलेली माहितीही मिळते. आज कोणता चौक उघडा आहे, चॅपेल किती वाजता बंद होईल, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नसते.

दारे बंद असण्याचे मुख्य कारण वेळापत्रकात आहे. वर्षात तीन सत्रे, प्रत्येकात शिकवण्याचे आठच आठवडे: ऑक्टोबर ते डिसेंबरची सुरुवात, जानेवारीचा मध्य ते मार्चचा मध्य, आणि एप्रिलची अखेर ते जूनचा मध्य. तिसऱ्या सत्रात परीक्षा असतात आणि त्या काळात बहुतेक कॉलेजे पाहुण्यांना दार लावून घेतात. हे योग्यच आहे. आत मुले राहतात, झोपतात, अभ्यास करतात. ती प्रेक्षणीय स्थळे होण्याआधी घरे आहेत. पहिल्यांदा जायचे असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा फेब्रुवारीचा दिवस निवडावा असे मी सांगेन. सत्र चालू असते, गर्दी कमी असते, आणि ज्या गोष्टीसाठी मी दिवस संध्याकाळपर्यंत ताणायला सांगणार आहे ती सुट्टीत बहुधा नसते.

लंडनहून दोन ठिकाणांहून गाडी मिळते. किंग्ज क्रॉसहून जलद गाडी साधारण ५० मिनिटे घेते. लिव्हरपूल स्ट्रीटहून सव्वा तासाच्या आसपास लागतो, पण त्या बाजूचे तिकीट पुष्कळदा स्वस्त मिळते. १६-२५ रेलकार्ड असेल तर भाड्यात एक तृतीयांश सूट आहे, आणि पूर्णवेळ विद्यार्थी असाल तर २५ वय उलटल्यावरही हे कार्ड निघते. एमएस्सीला आलेल्या अनेकांना याची कल्पना नसते. शनिवार-रविवारी गर्दीच्या वेळेचे चढे भाडे नसते. मात्र रविवारी रुळांची कामे काढतात, तेव्हा आदल्या दिवशी वेळापत्रक पाहून घ्यावे. तिकिटावर 'अमुक कंपनीच्याच गाडीने' अशी अट असेल तर परतताना ती पाळावी लागते. दुसऱ्या स्टेशनला जाणारी गाडी समोर उभी दिसली म्हणून चढू नये.

स्टेशन गावाच्या मध्यापासून जवळपास दोन किलोमीटर लांब आहे. १८४५ मध्ये रेल्वे आली तेव्हा विद्यापीठाला तिची धास्ती होती, ती मुले लंडनला पळतील म्हणून. ज्या कायद्याने हा मार्ग मंजूर झाला त्यातच विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांना स्टेशनात शिरून विद्यार्थ्यांची चौकशी करण्याचा हक्क दिला होता. त्यांनी सांगितले तर भाडे भरलेल्या विद्यार्थ्यालाही गाडीत घेता येत नसे. आज बस आहे, पण पायी जावे. बेटमन स्ट्रीटने वनस्पती उद्यानाच्या कडेकडेने गेले की आपण ट्रम्पिंग्टन रस्त्याला लागतो. रस्ता ओलांडताना सायकलींकडे लक्ष ठेवा. या गावात सायकलस्वारांची संख्या आणि वेग दोन्ही जबर आहेत.

लेन्सफील्ड रोडच्या कोपऱ्यावर एक जुने दगडी कारंजे दिसेल आणि तिथून पुढे रस्त्याच्या दोन्ही कडांना पाण्याचे उघडे पाट. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला गावाबाहेरच्या झऱ्यांचे स्वच्छ पाणी इथे आणले गेले, कारण तेव्हाचे गटार साचून रोगराई पसरत होती. गाव आणि विद्यापीठ यांनी मिळून केलेल्या मोजक्या कामांपैकी हे एक. एरवी दोघांचे फारसे पटलेले नाही. विद्यापीठाची सुरुवातच अशा भांडणातून झाली. १२०९ मध्ये ऑक्सफर्डात एका बाईच्या मृत्यूवरून गावकऱ्यांनी विद्यार्थ्यांना फाशी दिले, तेव्हा तिथून निघालेले काही विद्वान केंब्रिजला आले. १३८१ च्या शेतकऱ्यांच्या उठावात केंब्रिजकरांनी विद्यापीठाची कागदपत्रे बाजारचौकात जाळली. कॉलेजच्या भिंती एवढ्या जाड का, याचे एक उत्तर या इतिहासात आहे.

पुढे डावीकडे फिट्झविल्यम संग्रहालय. ते फुकट आहे आणि सोमवारी बंद असते. पाऊस असेल तर इथे दोन तास आनंदात जातात. ऊन असेल तर परतीवर ठेवा. मराठी वाचकाने मात्र संग्रहालयासमोरच्या घरांच्या रांगेकडे जरा थांबून पाहावे. १९५७ मध्ये जयंत नारळीकर बनारसहून इथे आले तेव्हा त्यांचे फिट्झविल्यम हाउस याच रांगेत होते. ज्या मुलांना मोठ्या कॉलेजांचा खर्च परवडत नसे त्यांच्यासाठी ही संस्था निघाली होती. पुढे तिचे पूर्ण कॉलेज झाले आणि ती हंटिंग्डन रोडला हलली. नारळीकरांनी इथून गणिताची परीक्षा दिली, फ्रेड हॉइल यांच्याकडे डॉक्टरेट केली आणि नंतर किंग्ज कॉलेजचे फेलो झाले. 'चार नगरांतले माझे विश्व' या त्यांच्या आत्मचरित्रातल्या चार नगरांपैकी एक हे. सहलीआधी त्यातला केंब्रिजचा भाग वाचून गेलात तर गल्ल्या ओळखीच्या वाटतील.

लगेच पुढे पीटरहाउस आहे, १२८४ चे, सर्व कॉलेजांत जुने. समोर पेंब्रोक, त्याचे चॅपेल ही वास्तुरचनाकार ख्रिस्तोफर रेनची पहिली पुरी झालेली इमारत. ही दोन्ही कॉलेजे पर्यटकांच्या लोंढ्यातून सुटलेली आहेत. पोर्टरला विचारून आत जाता आले तर जरूर जावे. कॉलेजच्या चौकात शांतपणे उभे राहण्याची संधी नामांकित कॉलेजांपेक्षा इथे जास्त मिळते.

कॉर्पस क्रिस्टीच्या कोपऱ्यावर काचेआड सोन्याच्या रंगाचे मोठे घड्याळ आहे, २००८ चे. त्याला काटे नाहीत. तबकडीतल्या फटींतून निळे दिवे वेळ दाखवतात आणि वर बसलेला टोळासारखा प्राणी मिनिटे गिळत राहतो. गर्दी घड्याळापुढे असते, पण त्याच कोपऱ्यावरून बेनेट स्ट्रीटला वळावे. सेंट बेनेट चर्चचा मनोरा नॉर्मन लोक इंग्लंडात येण्याआधीचा, गावातले सर्वांत जुने बांधकाम. समोर 'ईगल' हा पब. २८ फेब्रुवारी १९५३ रोजी दुपारी जेवायला आलेल्या फ्रान्सिस क्रिकने जीवनाचे रहस्य, म्हणजे डीएनएची रचना, सापडल्याचे इथे जाहीर केले असे सांगतात. प्रयोगशाळेतली माणसे इथे का येत, हे शेजारच्या फ्री स्कूल लेनमध्ये शिरले की कळते: १८७४ ची जुनी कॅव्हेंडिश प्रयोगशाळा हाकेच्या अंतरावर आहे. १८९७ मध्ये जे. जे. टॉमसनने इलेक्ट्रॉन शोधला तो इथेच. मुंबईहून आलेले होमी भाभा याच प्रयोगशाळेत वावरले. १९७० च्या दशकात प्रयोगशाळा गावाबाहेर गेली. गल्ली तेवढीच अरुंद राहिली आहे. डीएनएच्या रचनेसाठी ज्यांची क्ष-किरण छायाचित्रे मोलाची ठरली त्या रोझालिंड फ्रँकलिन याच गावात, न्यूनहॅम कॉलेजात शिकल्या. पण त्यांच्या वेळी स्त्रियांना पूर्ण पदवी मिळत नसे. केंब्रिजने ती १९४८ मध्ये द्यायला सुरुवात केली.

परत मुख्य रस्त्यावर आले की किंग्ज परेड. डावीकडे किंग्ज, समोर पांढऱ्या दगडाचे सेनेट हाउस, उजवीकडे ग्रेट सेंट मेरीज चर्च आणि त्यामागे बाजार. विद्यापीठ एका ठिकाणी दाखवा असा हट्टच कोणी धरला, तर मी त्याला या कोपऱ्यावर उभे करीन. पदवीच्या विद्यार्थ्याने सत्रात ग्रेट सेंट मेरीजपासून तीन मैलांच्या आत राहिले पाहिजे असा नियम आहे, तेव्हा चर्च हा विद्यापीठाचा मोजमापाचा खुंट. त्याच्या घंटांसाठी १७९३ मध्ये बांधलेली पाव तासांची धून पुढे लंडनच्या बिग बेनने घेतली आणि जगभरच्या घड्याळांत गेली.

सेनेट हाउस १७३० चे. इथे पदव्या दिल्या जातात आणि इथेच गणिताच्या 'ट्रायपॉस' परीक्षेचा निकाल वाचून दाखवला जाई. पहिल्या वर्गात आलेले ते रँग्लर, त्यांतला पहिला सीनियर रँग्लर. १९०९ पर्यंत हे क्रमांक जाहीर होत आणि त्यांची बातमी देशभर छापली जाई. १८९० मध्ये न्यूनहॅमच्या फिलिपा फॉसेटचे नाव वाचले गेले ते 'सीनियर रँग्लरच्या वर' असे. सर्वांत जास्त गुण तिचे, पण बाई म्हणून क्रमांक नाही. १८९९ मध्ये वाचलेल्या पहिल्या दोन बरोबरीच्या नावांत एक होते रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. दापोलीजवळच्या मुर्डीचा हा मुलगा, महर्षी धोंडो केशव कर्वे यांचा आप्त, फर्ग्युसनमधून शिकून सरकारी शिष्यवृत्तीवर सेंट जॉन्स कॉलेजात आला होता. हा मान मिळवणारा तो पहिला भारतीय. परत जाऊन त्याने आणखी मोठा पगार पाहिला नाही. फर्ग्युसनमध्ये शिकवायला लागला आणि १९०२ पासून तिथला प्राचार्य झाला. सेनेट हाउसच्या कठड्याबाहेर उभे राहायला तिकीट लागत नाही, आणि माझ्या मते मराठी माणसाने केंब्रिजमध्ये पाहण्याची पहिली जागा हीच.

बाजूच्या अरुंद बोळात गॉनव्हिल अँड कीज कॉलेजचा छोटा नक्षीदार दरवाजा आहे, सन्मानाचा. सोळाव्या शतकात डॉ. जॉन कीज यांनी कॉलेजला तीन दरवाजे योजले: विद्यार्थ्याने विनयाच्या दरवाज्यातून आत यावे, सद्गुणाच्या दरवाज्यातून रोज ये-जा करावी आणि पदवी घ्यायला सन्मानाच्या दरवाज्यातून बाहेर पडावे. अजूनही पदवीदानाला कीजची मुले याच दारातून निघून पलीकडे सेनेट हाउसमध्ये जातात. कॉलेज आणि विद्यापीठ यांचे नाते एका बोळाच्या रुंदीत दिसते ते इथे.

दुपारचे जेवण बाजारात घ्यावे. रोज भरणाऱ्या या बाजारात निरनिराळ्या देशांच्या खाण्याच्या गाड्या असतात आणि शाकाहारी माणसाची सोय होते. त्याहून स्वस्त हवे तर सिडनी स्ट्रीटच्या सुपरमार्केटमधले 'मील डील' घेऊन नदीकाठी बसावे.

मग ट्रिनिटी. आठव्या हेन्रीने १५४६ मध्ये स्थापलेले हे कॉलेज. मोठ्या दरवाज्यावरच्या त्याच्या पुतळ्याच्या हातात राजदंडाऐवजी खुर्चीचा पाय आहे, कोणा विद्यार्थ्याने बदललेला. दरवाज्याच्या उजव्या हाताला हिरवळीवर सफरचंदाचे एक झाड आहे. ते न्यूटनच्या वूल्सथॉर्पच्या घरच्या झाडापासून कलम करून १९५४ मध्ये लावलेले. आतल्या नेव्हिल्स कोर्टच्या ओसरीत न्यूटनने पाय आपटून प्रतिध्वनी किती वेळात येतो ते मोजले आणि ध्वनीचा वेग काढला.

त्या चौकाच्या टोकाला रेनचे ग्रंथालय आहे. ते पाहुण्यांसाठी दिवसातला थोडाच वेळ उघडते, पण फुकट. ती वेळ कॉलेजच्या संकेतस्थळावर पाहूनच दिवसाची आखणी करावी. बाहेरून पाहिले तर खालच्या कमानींच्या वरून मजला सुरू होत असेल असे वाटते. प्रत्यक्षात रेनने जमीन कमानी जिथून वळायला लागतात तिथेच घेतली आहे. त्यामुळे आत उंची मिळाली, भिंतीलगत पुस्तकांची कपाटे बसली आणि खिडक्या कपाटांच्या वर गेल्याने प्रकाश अडला नाही. काचेच्या पेट्यांत न्यूटनच्या हातच्या दुरुस्त्या असलेली त्याची 'प्रिन्सिपिया'ची प्रत असते. १९७६ मध्ये जॉर्ज अँड्र्यूज या अमेरिकी गणितज्ञाला याच ग्रंथालयातल्या एका पेटीत रामानुजनांच्या अखेरच्या वर्षातल्या हस्तलिखिताची पाने सापडली. रामानुजन १९१४ मध्ये ट्रिनिटीत आले. युद्धाच्या वर्षांत भाजी मिळत नसताना ते खोलीवर स्वतः रांधत, थंडीने आणि आजाराने खचत, तरी गणितज्ञ हार्डींबरोबर काम करत राहिले. परदेशात पहिला हिवाळा काढणाऱ्या मुलाने त्या पेट्यांपुढे दोन मिनिटे अधिक उभे राहावे असे मला मनापासून वाटते.

परांजप्यांचे सेंट जॉन्स शेजारीच आहे. तिथे तिकीट लागते. पैसे वाचवायचे असतील तर गॅरेट हॉस्टेल लेनने नदीवर यावे. हा पूल सार्वजनिक आहे आणि त्यावरून १६४० चा क्लेअरचा पूल आणि 'बॅक्स' म्हणजे कॉलेजांच्या मागच्या बागा नीट दिसतात. सिल्व्हर स्ट्रीटच्या पुलावरून क्वीन्स कॉलेजचा लाकडी पूल दिसतो. न्यूटनने तो खिळ्यांवाचून बांधला ही कथा नावाडी रंगवून सांगतात, पण पूल १७४९ चा आणि न्यूटन १७२७ मध्येच वारला होता. खरी गंमत रचनेत आहे. कमानीचा आकार आहे, पण त्यातले एकही मुख्य लाकूड वाकवलेले नाही. सरळ तुळया कमानीला स्पर्शरेषांसारख्या बसवल्या आहेत.

नदीत 'पंट' ही सपाट बुडाची होडी चालते. नावाड्यासह फेरी पाऊण तासाची. चार-सहा मित्र असाल तर होडी भाड्याने घेऊन स्वतः चालवणे स्वस्त पडते. मागच्या फळीवर उभे राहायचे, बांबू होडीला लगटून सरळ खाली सोडायचा, तळ लागला की हात वर सरकवत रेटायचे, आणि होडी पुढे निघाली की बांबू जरा पिळून गाळातून सोडवायचा. मग तो मागे पाण्यात तरंगत ठेवला की सुकाणूचे काम करतो. बांबू गाळात रुतलाच तर सोडून द्यावा. होडीत वल्हे असते. धरून ठेवणारा पाण्यात पडतो.

आता किंग्ज चॅपेल. दिवसा त्याचे तिकीट महाग आहे. सत्राच्या काळात संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास तिथे ईव्हनसाँग ही गायन-प्रार्थना होते, आणि तिला कोणीही, कोणत्याही धर्माचा माणूस, फुकट जाऊ शकतो. त्या दिवशीची वेळ संकेतस्थळावर पाहावी, अर्धा तास आधी रांगेत उभे राहावे, आत फोन बंद ठेवावा. प्रार्थनेला आलो आहोत या भावनेने बसावे. हिंडून छायाचित्रे काढायची ही वेळ नव्हे.

१४४६ मध्ये सहाव्या हेन्रीने या चॅपेलच्या पायाचा दगड ठेवला. मग राजघराण्यांची युद्धे झाली, हेन्रीचे राज्य गेले, काम वर्षानुवर्षे थांबले. पांढरा यॉर्कशरचा दगड संपून वेगळा दगड सुरू झालेला भिंतीत दिसतो. तो थांबण्याचा काळ. छत १५१२ ते १५१५ या तीनच वर्षांत जॉन वेस्टेल या गवंड्याने घातले. पंख्यासारखे उलगडत गेलेले हे दगडी छत त्या प्रकारात जगात सर्वांत मोठे आहे. त्याचा भार सरळ खाली न येता बाहेरच्या बाजूला रेटा देतो, आणि तो रेटा बाहेरचे जाड दगडी आधार पेलतात. म्हणून मधल्या भिंतींना भार उचलावा लागत नाही आणि त्या जागी जवळजवळ पूर्ण उंचीच्या रंगीत काचा बसवता आल्या. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बच्या भीतीने त्या काचांपैकी बहुतेक उतरवून ठेवल्या होत्या. गाणारी मुले कॉलेजच्या शाळेतली, त्यांच्यासोबत विद्यापीठातले तरुण. गायकवृंदाची तरतूद सहाव्या हेन्रीनेच केली होती. सूर छताला लागून किंचित उशिरा परत येतो, आणि एवढे दगड इतक्या उंचीवर कशासाठी नेले ते तेव्हा कळते.

बाहेर पडेपर्यंत साडेसहा वाजतात. हिवाळ्यात तेव्हा काळोख झालेला असतो. सरळ परतीला लागावे. मे-जूनमध्ये नऊपर्यंत उजेड असतो, त्या दिवसांत नदीकाठच्या कुरणांतून ग्रँचेस्टरची वाट धरता येते. तीनेक किलोमीटर, एका बाजूला पाऊण तास. वाटेत गाई चरत असतात, फाटके नीट लावून घ्यावीत, आणि आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर बूट जाड तळाचे हवेत.